दुसरी शिट्टी

आधीच मोठ्यांदा शपथ घेते, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको. आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला, तर माझे उरलेसुरले चार दात उद्याच्या चहाच्या कपात पडोत. हां, आता कान इकडे द्या.

एक बरण्यांचा कारखाना होता. काचेच्या बरण्या. तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये चाळीस बायका बरण्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरायच्या, आणि त्या चाळीसजणींत एक होती जिला सगळे शिट्टी म्हणायचे. आईबापांनी नाव ठेवलं होतं, पण ते फक्त मतदारयादीला माहीत. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की विचारू नका. एकदा कारखान्याचा भोंगा बिघडला, तर मॅनेजरने हिलाच गच्चीवर उभं केलं. पाळी वेळेवर सुटली. वर तीन गल्ल्या पलीकडच्या शाळेतली पोरंही दप्तरं उचलून घरी गेली, आणि त्यांच्या मागून हेडमास्तर.

तिचा नवरा भट्टीवाला. मोठ्या भट्टीच्या पोटात मातीची सहा कुंडं होती, एकेकात माणूस उभा मावेल एवढी. त्यात काच वितळायची. कुंडांखालची आग सांभाळणं हे त्याचं काम. जन्म आगीपुढे गेला, पण माणूस असा शांत की सगळे त्याला थंड्या म्हणायचे. पायावर निखारा पडला तेव्हा म्हणे, "जरा गरम आहे." तेव्हापासून डावा पाय किंचित ओढत चालायचा. त्याच्या पावलांचा आवाज शिट्टीला पाठ होता. एक टप, एक घसट. एक टप, एक घसट.

ज्या दिवशी सगळं सुरू झालं तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. जेवणाच्या सुट्टीत थंड्या डबा घेऊन शेडच्या दारात आला.

"अहो, भुवया कुठे गेल्या?" शिट्टीने विचारलं.

"सकाळी होत्या."

"उद्या डोकं विसरून याल भट्टीत."

"डोकं तू घरी ठेवून घेतेस ना," तो म्हणाला आणि डबा उघडून बसला. चाळीस बायका खीखी करून हसल्या.

तेवढ्यात फुंकणाऱ्यांच्या बाजूने आरडाओरडा झाला. फुंकणारे म्हणजे लांब नळीने काच फुगवून बरणीला आकार देणारे. त्यातला एक, तिशीतला गडी, हातात लालभडक काच धरून उभा होता आणि विचारत होता, "दिवा कुणी घालवला?" भर दुपारचे बारा वाजले होते. आगीकडे बघून बघून त्याचे डोळे गेले होते. त्या वर्षातला तो दुसरा. सहा महिन्यांपासून माणसं डोळ्यांवर लावायला काळे चष्मे मागत होती, आणि मॅनेजर म्हणत होता, बघू.

दुसऱ्या दिवशी संप झाला. आता कान उघडे ठेवून ऐका, तो संप खरा होता, न्यायाचा होता. त्याबद्दल मी एक अक्षर वाकडं बोलणार नाही. मी बोलणार आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

त्या गल्लीत एक पद्धत होती. संपात कुणी चोरून कामावर गेलं, तर कामावरून येताना त्याला पाठ दाखवायची. कोळसा आत न्यायचं एक मागचं दार होतं. फितूर माणसं तिथूनच ये-जा करायची. त्या दारापासून नळाच्या कोपऱ्यापर्यंत बरोबर शंभर पावलं. दोन्ही बाजूंना सगळी गल्ली उभी राहायची. माणूस दारातून बाहेर आला की पहिली शिट्टी. सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. त्याने त्या शंभर पाठींमधून चालत जायचं. कुणी बोलायचं नाही, कुणी बघायचं नाही. शंभर पावलं झाली की दुसरी शिट्टी, मग वळायचं. आणि त्या दिवसापासून त्या माणसाचा आवाज गल्लीत कुणाला ऐकू येत नाही. त्याने हाक मारली तरी नाही, त्याचं घर पेटलं तरी नाही.

शिट्ट्या कोण मारायचं हे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वीच्या संपात हे चष्मेवालीच्या वाट्याला आलं होतं. चष्मेवाली बरण्या उजेडात धरून त्यातले बुडबुडे शोधायची. शिट्टीची जिवाभावाची मैत्रीण, भिंतीला भिंत लागून घर. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, आणि कारखान्याचा डॉक्टर संपातल्यांच्या घरी यायचा नाही. ती तीन दिवस कामावर गेली. चौथ्या दिवशी पाठी झाल्या. तिची सख्खी बहीण भिंतीकडे वळेना, तर शिट्टीनेच तिला दंडाला धरून फिरवलं. म्हणाली, "पहिली पाठ घरच्यांची. नाहीतर घरही त्यातच धरलं जाईल." तो नियम तेव्हापासून पडला. शिट्टीच्या तोंडचा. पाचव्या दिवशी म्हातारा गेला, आणि त्याला उचलायला गल्लीतलं एक माणूस आलं नाही. शिट्टी भिंतीपलीकडचं रडणं ऐकत भाजी चिरत बसली होती. तिलाही ऐकू येत नव्हतं, पद्धतीप्रमाणे.

तर यंदाच्या संपाची पहिली सभा झाली. तरुण पोरं म्हणाली, भट्टी विझू द्या, मालकाचा घाम निघू दे. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या कामगारांनी माना खाली घातल्या, कारण त्यांना ठाऊक होतं. भट्टी विझली की कुंडातली काच थिजते आणि कुंडं तडकतात. नवी कुंडं घडवून वाळवायची म्हणजे सात-आठ महिने. मालक त्यापेक्षा कुलूपच लावेल, मग जिंकून जायचं कुठे? हे युनियनच्या अध्यक्षालाही ठाऊक होतं. पण टाळ्यांपुढे तो गप्प बसला. सभा संपल्यावर त्याने थंड्याला एका बाजूला घेतलं.

हे शिट्टीला माहीत नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगते. अध्यक्ष म्हणाला, "रोज जाऊन थोडी आग धरून ठेव. मालकाचे कारकून तुला आत सोडतील, ते बघतो मी. पण कुणाला कळता कामा नये. बायकोलाही नाही. वेळ आली की मी सांगेन सगळ्यांना."

थंड्या म्हणाला, "बरं."

संपाला आठ दिवस झाले तसे लोक पेंगायला लागले. त्यांना जोर यावा म्हणून युनियनने दुपारच्या खेळाला अख्खं थिएटर घेतलं. पिक्चर संपाचाच होता. हिरोच्या बाह्या वर दुमडलेल्या, केसांची एक बट कपाळावर. मागच्या दाराने एक फितूर बाहेर येतो, हिरो कमरेचा पट्टा काढतो आणि त्याला असा धुतो की थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शिट्टीने अशी शिट्टी मारली की मशीनवाल्याने घाबरून पिक्चर बंद केला, त्याला वाटलं आग लागली. पुन्हा लावला. फितूर मातीत पडतो, मग उठतो, रडतो, हिरोच्या गळ्यात पडतो, आणि दोघं मिळून झेंडा धरतात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

थंड्या खुर्चीत बसून होता. बायकोच्या कानाशी म्हणाला, "तो मार खाणारा बघ. दर वेळी डाव्या अंगावर पडतो. तिकडे गादी ठेवली असणार."

"गप्प बसा हो. रंगाचा बेरंग."

शिट्टीचा धाकटा भाऊ पुढच्या रांगेत होता. बहिणीनेच वाढवलेला, पेंढा उचलण्याच्या कामाला लावलेला. त्याने तो पिक्चर सहा वेळा पाहिला. सातव्या दिवशी त्याच्या कपाळावर बट आली आणि कमरेला पितळी बक्कलाचा रुंद पट्टा.

"भावजी, कसा दिसतोय?" त्याने थंड्याला विचारलं.

"पट्टा छान आहे. आत कुणीतरी हवं," थंड्या म्हणाला. पोरगं काडीसारखं होतं.

आणि रोज पहाटे उजाडता उजाडता थंड्या घराबाहेर पडायचा. विचारलं तर म्हणायचा, नदीवर जातो, मासे धरायला.

"गळ कुठाय?"

"तिकडे एकाचा घेतो."

"आणि मासे?"

"ते घेत नाहीत."

शिट्टी दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी तिने त्याचा सदरा धुवायला घेतला. पाणी काळंकुट्ट. नदीत कोळसा कुठून आला? आधी तिला वाटलं बाई असणार. बाई असती तर बरं झालं असतं, असं ती मागाहून किती वेळा म्हणाली असेल. पाचव्या दिवशी ती त्याच्या मागे मागे गेली. एक टप, एक घसट, कोळशाच्या दारापर्यंत. दार उघडलं, तो आत गेला, आणि थोड्या वेळाने चिमणीतून धुराची बारीक शेंडी वर आली.

तो घरी आला तेव्हा ती चुलीपाशी बसून होती. चूल पेटलेली नव्हती.

"किती मासे मिळाले?"

थंड्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं. तो खाली बसला. "आठ दिवस थांब. मग सगळं सांगतो."

"आत्ता सांगा."

"शब्द दिलाय."

"मला लग्नात दिला होता तो?"

"तुलाही दिलाय. म्हणून तर जातो." एवढंच बोलला. तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की. पण त्या माणसाला दोन शब्द एकदम मोडणं जमत नव्हतं.

दुपारी भाऊ आला. "ताई, भट्टीला धूर येतोय म्हणतात. आत कोण जातंय कळत नाही." शिट्टी तांदूळ निवडत होती. दोन वर्षं ती चष्मेवालीच्या दारावरून मान ताठ करून गेली होती. आता आपल्या घरासाठी वेगळा न्याय लावला, तर ती मान कुठे ठेवायची? ताटातले खडे बाजूला काढता काढता ती म्हणाली, "सकाळी कोळशाच्या दारापाशी उभे राहा. कळेल." नाव तिने घेतलं नाही. पण तिचा चेहरा बघून भावाला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळी गल्ली उभी होती. ऊन चांगलं पडलं होतं. वाटेत रिकामी कोळशाची ढकलगाडी, लोखंडी, आडवी पडलेली. दार उघडलं. थंड्या बाहेर आला, हात पुसत. त्याने माणसं बघितली. मग त्यांत बायको बघितली, दोन बोटं तोंडाशी नेलेली.

अध्यक्ष त्या गर्दीत होता. थंड्याने त्याच्याकडेही बघितलं. वेळ आली होती, आणि अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघत होता.

पहिली शिट्टी झाली. पहिली पाठ घरच्यांची. शिट्टी भिंतीकडे वळली, आणि तिच्या मागे सगळी गल्ली.

टप, घसट. टप, घसट. ती मोजत होती. भिंतीच्या पोपड्यांत तिला काही दिसत नव्हतं. दहा. वीस. छत्तीस. सदतीस. मग धावत आलेली पावलं, चामड्याचा एक सपकारा, आणि लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज. अडतिसावं पाऊल आलं नाही.

पाठी तशाच उभ्या होत्या. दुसरी शिट्टी व्हायची होती ना. तेवढ्यात चष्मेवाली खिडकीतून ओरडली, "अगं, वळ गं, तुझा नवरा." शिट्टी वळली. शिट्टीबिट्टी न मारता वळली आणि धावली. मारणारे पसार झाले होते. ढकलगाडीच्या लोखंडी कडेपाशी थंड्या पडला होता, डाव्या अंगावर. तिथे गादी नव्हती. त्याने डोळे उघडून तिला नीट बघितलं. म्हणाला, "आजही नाही मिळाला गं मासा." आणि तिचा चेहरा बघत बघत गेला.

पोलीस आले. घरोघर विचारलं. शंभर माणसांनी एकच उत्तर दिलं, आमची पाठ होती साहेब, आम्ही काही बघितलं नाही. आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष घरी आला. पाण्याचा पेला हातात घेऊन बसला, प्यायला नाही.

"वहिनी, तो फितूर नव्हता. मी पाठवत होतो त्याला. सगळ्यांच्या भाकरीसाठी आग राखत होता तो."

शिट्टीने मान वर केली नाही. "आणि काल तुम्ही उभे होतात तिथे?"

"होतो."

"एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला."

"बोललो असतो तर माझ्यावरही पाठ झाली असती. संप फुटला असता." त्याने पेला खाली ठेवला. "आता असं करू. मालकाच्या गुंडांनी मारलं म्हणू. उद्या शोकसभा आहे, त्याचा मोठा फोटो लावतोय. लोक पेटून उठतील. मॅनेजर चष्मे द्यायच्या बेताला आलाय, वहिनी. दोन दिवसांत जिंकतो आपण. तुम्ही फक्त स्टेजवर बसा."

तो गेल्यावर शिट्टी उठली. दाराबाहेर आली, चार पावलं चालून शेजारच्या दारापुढे उभी राहिली. दोन वर्षं तिने त्या दाराकडे बघितलं नव्हतं. दाराचा रंग बदलला होता, तेही तिला माहीत नव्हतं. तिने कडी वाजवली.

चष्मेवालीने दार उघडलं, आणि दारातच उभी राहिली.

"कुणी मारलं त्यांना? तू खिडकीत होतीस."

"मी सांगितलं तर तुला ऐकू येईल का?" चष्मेवाली म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, वापरात नसलेल्या विहिरीच्या रहाटासारखा. "नाही, विचारते आपली. दोन वर्षांत या गल्लीत माझा आवाज कुणाला ऐकू आलेला नाही. काल तर मी घसा फोडून ओरडत होते. तुला ऐकू आलं होतं का गं?"

शिट्टी उंबऱ्यावरच बसली. चष्मेवालीने तिच्याकडे बघितलं, मग चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला आणि तिच्या शेजारी बसली.

"तिघं होते. तोंडाला रुमाल. पण बुडबुडा काय नि माणूस काय, माझ्या नजरेतून सुटत नाही. पट्टा होता हातात. पितळी बक्कलाचा."

शिट्टी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या वेळी मी भाजी चिरत होते."

"माहितीये. विळीचा आवाज येत होता."

भाऊ पॅकिंगच्या शेडमागे सापडला, पेंढ्याच्या ढिगात. कपाळावरची बट त्याने कात्रीने कापून टाकली होती, वेडीवाकडी. बहीण दिसली तसा तो उभा राहिला, मग पुन्हा बसला.

"ताई, एकच मारला. खरंच एकच."

"घरचा माणूस होता रे तो."

"मला वाटलं उठतील." तो लहान पोरासारखा बोलत होता. "पिक्चरमध्ये उठतो ना तो. रडतो, मग आपल्यात येतो. मला वाटलं भावजी उठतील, मग मी त्यांना मिठी मारीन, सगळे टाळ्या वाजवतील. मग तुझ्यावरचा डाग जाईल. मी वाट बघत होतो ताई, ते उठतच नव्हते."

तिने त्याच्या गालात द्यायला हात उचलला. त्याच हाताने त्याला भरवलं होतं, शाळेत सोडलं होतं, कामाला लावलं होतं. हात तसाच त्याच्या डोक्यावर पडला, त्या कापलेल्या केसांवर. "उद्या सभेला ये," ती म्हणाली. "रुमाल न बांधता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शोकसभा होती, कारखान्याच्या फाटकासमोर. थंड्याचा फोटो एवढा मोठा केला होता की त्याच्या अर्धवट भुवयासुद्धा दिसत होत्या. अध्यक्ष गुंडांबद्दल बोलला. मुठी वर गेल्या. मग तो म्हणाला, आता वहिनी दोन शब्द बोलतील.

शिट्टी माइकपाशी गेली. माइक बाजूला सारला, तिला कशाला हवा होता.

"गुंड नव्हते," ती म्हणाली. "आपणच होतो. माझे यजमान भट्टी राखत होते, अध्यक्षांच्या सांगण्यावरून, तुमच्यासाठी. आणि मारणारा माझा भाऊ आहे. मी त्याला जागा दाखवली. आपण सगळ्यांनी पाठ करून त्याला आडोसा दिला. शंभर माणसांचा आडोसा."

गर्दीत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "मालकाने किती दिले बाईला?" दुसरा म्हणाला, "ही पण त्यातलीच." अध्यक्ष मागून हळूच म्हणत होता, वहिनी, बसा, वहिनी. आणि मग समोरच्या रांगेतला एकजण तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या शेजारचा वळला. शिट्टी नव्हती वाजली, पण सवयीला शिट्टी लागत नाही. बघता बघता सगळ्या पाठी. आपण केलेला नियम तिने पहिल्यांदा समोरून बघितला. मळके सदरे, घामाचे डाग, उसवलेल्या शिवणी. एकच तोंड तिच्याकडे होतं, जाड भिंगांच्या चष्म्याचं. आणि त्याच्या बाजूला मान खाली घातलेला भाऊ.

तेव्हा कारखान्यातून आवाज आला.

मोठा नव्हता. बर्फावर पाणी ओतल्यावर होतो तसा, फक्त खोल. म्हाताऱ्या फुंकणाऱ्यांच्या पाठी एकदम ताठ झाल्या. थोड्या वेळाने दुसरा. चिमणीवर धूर नव्हता. थंड्या गेल्याला दोन दिवस झाले होते आणि आग कुणी राखली नव्हती. तिसरा आवाज. एकेक कुंड तडकत होतं. ज्याचे डोळे गेले होते तो आंधळा फुंकणारा सभेत होता. तोच सगळ्यात आधी शिट्टीच्या दिशेने वळला, कारण त्याला कान होते. म्हणाला, "बाई खरं बोलतेय. हा बघा तो गेल्याचा आवाज."

चौथं. पाचवं. सहाव्याला सगळी सभा वळलेली होती. थंड्या फोटोतून बघत होता, जरा गरम आहे, अशा चेहऱ्याने.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगवत नाही. भाऊ बहिणीचा हात धरून चौकीत गेला आणि बरीच वर्षं आत राहिला. दर महिन्याला ती त्याला भेटायची. अध्यक्ष गाव सोडून गेला. मालकाने फाटकाला कुलूप लावलं, आठ महिने. चष्मे मिळाले, पण ते कुलूप उघडल्यावर. मधल्या काळात गल्लीतली अर्धी घरं दुसऱ्यांची झाली.

शिट्टी युनियन सोडून गेली नाही. लोकांना वाटलं जाईल. उलट कारखाना सुरू झाल्यावर पहिल्याच सभेत ती उठली आणि म्हणाली, "संप पुन्हा करावा लागला तर करू. सगळ्यात पुढे मी. पण यापुढे युनियनचा कुठलाही निर्णय कुणाच्या कानात सांगायचा नाही. आणि ज्याच्यावर संशय येईल त्याला सगळ्यांनी समोर बसवायचं, तोंडाकडे बघायचं, आणि विचारायचं. तो बोलेपर्यंत कुणी मान फिरवायची नाही. जो फिरवेल त्याच्या शेजारी मी जाऊन बसेन, आणि तुम्हाला माहितीये मी किती मोठ्याने बोलते."

त्यानंतर तिथे तीन संप झाले. एकालाही हात लागला नाही. थिएटरला तसले पिक्चर अजून लागतात, लोक अजून टाळ्या वाजवतात. शिट्टी जाते कधीकधी, चष्मेवालीबरोबर. पट्टा निघाला की ती शेजारच्या पोराटोरांना सांगते, तो कुठल्या अंगावर पडतो ते बघ रे. तिकडे गादी आहे. शिट्टी मात्र तिने पुन्हा कधी मारली नाही. गल्लीतल्या पोरांनी पाय धरले तरी नाही.

झालं. एवढंच.

नाही, थांबा. दात शाबूत हवेत मला, म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट खोटी आहे. ती वळली आणि त्याने तिला बघितलं, मासा नाही मिळाला म्हणाला, ते. ते मी माझ्या पदरचं घातलं. त्याला तसंच एकटं टाकून पुढे सरकायला माझं तोंड वळेना.

सदतिसाव्या पावलानंतर आवाज थांबला तेव्हा तिला वाटलं, तो मुद्दाम थांबलाय, मी वळून बघावं म्हणून. चष्मेवाली ओरडत होती, पण चष्मेवालीचा आवाज त्या गल्लीत कुणाला ऐकू येत नव्हता. तिने भिंतीकडे बघत उरलेली त्रेसष्ट पावलं मनातल्या मनात मोजली. एकही गाळलं नाही. शंभर झाली तशी दोन बोटं तोंडात घातली आणि दुसरी शिट्टी मारली, अगदी वेळेवर. मग सगळे वळले.